ट्रेलरवर एचआर कॉइल बांधणे : बेल्ट, चेन, गुटके, नक्की काय आणि किती?

खोपोली_नाका
डोलवीच्या पोलाद कारखान्यातून चाकण-रांजणगावकडे जाणाऱ्या चाळीस फुटी सपाट ट्रेलरबद्दल हा धागा काढतोय. माल म्हणजे एचआर कॉइल, म्हणजे गरम लाटलेल्या पोलादी पत्र्याची गुंडाळी. वजन साधारण २० टन, बाहेरचा व्यास १८०० मिमी, रुंदी १२५० मिमी. कॉइलचं भोक गाडीच्या बाजूला, म्हणजे आडव्या दिशेला असतं, कारण उतरवणाऱ्या कारखान्यात सी-हुक (क्रेनचा सी आकाराचा आकडा) बाजूनेच आत जातो.

बहुतेक गाड्यांवर दिसणारी पद्धत अशी : कॉइलच्या पुढे आणि मागे ४ इंची लाकडी गुटके, त्यांना खिळे, आणि वरून ५० मिमीचे चार रॅचेट बेल्ट. ड्रायव्हर मंडळींचं ठाम म्हणणं असतं की वीस टनाचा जिन्नस आहे, तो जागचा हलत नाही.

प्रश्न तीन आहेत. चार बेल्ट पुरतात का? गुटका किती उंच हवा? चेन घ्यायची तर कोणती, किती, आणि कुठून कुठे बांधायची? जाणकारांनी कृपया आकड्यांसकट सांगावं. 'नीट बांधा' एवढं सगळेच सांगतात.

घर्षणांक
सुरुवात त्या 'जागचा हलत नाही'पासून करू, कारण सगळा घोळ तिथे आहे.

माल जितका जड तितकी त्याची पकड जास्त, हे खरं. पण ब्रेक मारल्यावर पुढे जायचा जोरही त्याच पटीत वाढतो. म्हणजे वजन दोन्ही बाजूंनी कटतं आणि उरतो फक्त घर्षणाचा आकडा. लाकडावर लोखंड ०.३ धरा. लोखंडावर लोखंड कोरडं असलं तरी ०.१ ते ०.२. तेल लागलेली सीआर (थंड लाटलेली) कॉइल असेल तर ०.१ सुद्धा सोडा. दोनशे किलोची पेटी आणि वीस टनाची कॉइल एकाच ब्रेकला घसरायला लागतात. फरक एवढाच की पेटी केबिनच्या मागच्या पत्र्यावर अडकते आणि कॉइल केबिनमधून आरपार जाते.

युरोपात बांधणीचा हिशोब ईएन १२१९५-१ या मानकाने करतात. पुढच्या दिशेला वजनाच्या ०.८ पट, बाजूला आणि मागे ०.५ पट जोर धरायचा. अमेरिकेतही पुढे ०.८ आणि बाकी दिशांना ०.५ असंच आहे. तुमच्या कॉइलला पुढच्या दिशेला १६ टन थोपवायचे आहेत. लाकडावरची पकड त्यातले ६ टन घेते. उरले १० टन.

आता बेल्ट. वरून टाकलेला बेल्ट माल ओढून धरत नाही, फक्त खाली दाबतो. हाताने रॅचेट ओढून साधारण ३०० किलोचा ताण येतो. बेल्टवर एसटीएफ म्हणून छापलेला असतो तो हा आकडा. दोन्ही बाजू धरून एका बेल्टचा दाब ६००, चार बेल्टचा २४०० किलो. गुणिले ०.३ म्हणजे ७२० किलो. हवे होते १० टन, मिळाला पाऊण टनही नाही. आणि हे फक्त घसरण्याचं झालं. कॉइल गोल आहे, ती घसरण्याआधी गडगडते.

साखळदंड
घर्षणांक यांनी पाया घातला, मी गुटक्याचं सांगतो.

गोल माल गुटक्यावरून उलटून जायचा की नाही हे गुटका कॉइलला किती उंचीवर टेकतो त्यावर ठरतं. तुमच्या १८०० व्यासाला :

१०० मिमी उंचीवर टेकला तर वजनाच्या ०.५१ पट जोरापर्यंत अडवतो.
१५० मिमीवर ०.६६ पट.
२०० मिमीवर ०.८ पट.

म्हणजे ४ इंची गुटका जोरात मारलेल्या एका ब्रेकमध्ये हरतो. कॉइल त्याच्यावर चढते, आणि एकदा चढली की बेल्ट तिला धरू शकत नाहीत. व्यास वाढला की उंचीही त्याच प्रमाणात वाढवायची. व्यासाचा नववा भाग हे लक्षात ठेवायला सोपं आहे.

दुसरी गोष्ट, कॉइल फळीला किंवा पाट्याला (ट्रेलरच्या तळाला) टेकलेली नको. ती दोन ओंडक्यांच्या मध्ये अधांतरी बसली पाहिजे, खाली किमान २० मिमी फट. फट नसेल तर वजन फळीवर जातं, ओंडके नुसते शेजारी पडून असतात आणि पहिल्या खड्ड्यात सरकतात. भरल्यावर खालून एक पट्टी सरकवून पाहायची. आरपार गेली तर ठीक. फटीसाठी ओंडका २०० ऐवजी २२० मिमीचा घ्या आणि दोन ओंडक्यांच्या टेकायच्या कडांमध्ये ११०० मिमीच्या आसपास अंतर ठेवा. युरोपातल्या कॉइलसाठी बनवलेल्या ट्रेलरना तळात खाचा असतात, उतार ३५ अंशांचा आणि खाचेची रुंदी कॉइलच्या व्यासाच्या किमान ६० टक्के. तुमच्या कॉइलला ६० टक्के म्हणजे १०८० येतात.

वडखळ
चर्चा चांगली आहे, पण थोडं थांबा. हे ०.८ वगैरे युरोपातल्या गाड्यांचं झालं. आपल्याकडे भरलेला ट्रेलर घाटात २० च्या वेगाने चढतो. इतका कडक ब्रेक लागतो कुठे? इतकी वर्षं गाड्या अशाच चालल्या आहेत. प्रत्येक गाडीवर चेन, रबर, चौकटी घालायच्या तर भाडं कोण वाढवून देणार?

घर्षणांक
@वडखळ, भाड्याचा मुद्दा खरा आहे, त्यावर बोलायलाच हवं. वेगाचा मात्र पटला नाही. थोपवायचा जोर वेगावर ठरत नाही, ब्रेक किती कडक त्यावर ठरतो. २० च्या वेगाने चाललेल्या गाडीपुढे दुचाकी आली आणि पाय दाबला गेला, तर कोरड्या डांबरावर तोच झटका बसतो, फक्त कमी वेळ. कॉइल गुटक्यावर चढायला तेवढा वेळ पुरतो. शिवाय २०१५ पासून नव्या अवजड गाड्यांना एबीएस (ब्रेक मारताना चाकं जाम होऊ न देणारी यंत्रणा) आलं आहे. गाडी आता सरळ रेषेत आणि लवकर थांबते. माल मात्र जुन्याच पद्धतीने बांधलेला.

घाटाच्या चढ-उताराचीही उगाच जास्त भीती असते. सहा टक्के उतार म्हणजे ०.०६ पट जोर. ब्रेकच्या ०.८ पुढे तो किरकोळ. उतारावर घात होतो तो ब्रेक तापून, गाडी हाताबाहेर जाऊन, नंतर एकदम आदळून.

डिस्पॅचताई
उतरवणाऱ्याची क्रेन बघून कॉइल कशी ठेवायची ते ठरतं, त्यामुळे तिन्ही प्रकार लिहिते.

भोक वर आकाशाकडे : कॉइल गडगडत नाही, फक्त घसरते किंवा उलटते. भरायला सोपी, पण उतरवायला वेगळी पकड किंवा उलटवायचं यंत्र लागतं. अमेरिकेतल्या नियमात कमीत कमी तीन बांधण्या आहेत : एक डावीकडून उजवीकडे तिरकी, एक उजवीकडून डावीकडे तिरकी, आणि एक सरळ आडवी भोकावरून. पुढे सरकू नये म्हणून त्याशिवाय अडथळा किंवा रबर.

भोक पुढे-मागे : गडगडलीच तर बाजूला, रस्त्यावर पडेल. वळणावर धोका.

भोक बाजूला : गडगडलीच तर पुढे केबिनकडे किंवा मागच्या गाडीवर. खोपोली_नाका यांची हीच. इथे भोकातून एक चेन पुढे जाणं रोखणारी आणि एक मागे जाणं रोखणारी, हे किमान. भोकातून तिरक्या फुलीच्या आकारात चेन टाकायला त्या नियमात मनाई आहे. आणि गुटक्याला नुसते खिळे मारून ते पक्के समजायलाही मनाई आहे.

खिळ्यांबद्दल कळकळीने सांगते. लाकडी फळ्यांचा ट्रेलर जुना झाला की खिळा धरतच नाही, आणि चेकर्ड प्लेटवर (नक्षीदार लोखंडी पत्र्यावर) तर प्रश्नच नाही. तरीही पत्र्याच्या ट्रेलरवर सुटे गुटके ठेवून गाडी गेटबाहेर काढतात.

पाचर
खिळ्यांना पर्याय म्हणजे चौकट. आडवे दोन ओंडके (ज्यावर कॉइल बसते) आणि गाडीच्या लांबीत दोन ओंडके, चारही सांधे १६ मिमी बोल्टने आवळलेले. कॉइलचं वजन पुढच्या ओंडक्याला पुढे ढकलतं आणि मागच्याला मागे. चौकट असली की ते दोघे एकमेकांना धरतात, फाकत नाहीत. सुटे असले की फाकतात आणि कॉइल खाली फळीला टेकते. लांबीतले ओंडके निदान दोन मीटर घ्या. वीस टन तळाखालच्या एकाच आडव्या तुळईवर (क्रॉस-मेंबरवर) पडण्याऐवजी चार-पाचांवर वाटले जातात.

लाकूड बाभळीचं किंवा साल वृक्षाचं. पॅकिंगच्या पाइनचे ओंडके पहिल्याच फेरीत कॉइलच्या कडेखाली चेपतात, आणि चेपला की टेकायची उंची गेली. चीर गेलेला, गाठीवर फुटलेला ओंडका वापरू नका. लोखंडी चॅनेलचं क्रॅडल (बैठक) करून घेतलं तर वर्षानुवर्षं चालतं, पण टेकायच्या जागी रबर लावल्याशिवाय नको. लोखंडावर लोखंड म्हणजे बाजूला घसरायला मोकळं रान.

रबरपट्टी
नेमकं तेच लिहायला आलो होतो. या सगळ्यात सर्वात कमी खर्चात सर्वात जास्त देणारी वस्तू म्हणजे रबर मॅट. लाकूड-लोखंड ०.३, मध्ये घर्षणासाठी बनवलेली मॅट घातली की ०.६ धरता येतं.

१० टनाची सपाट तळाची पेटी घ्या, पुढे कसलाही अडथळा नाही, फक्त वरून बेल्ट, ताण ३०० किलो. ईएन १२१९५ च्या सूत्राने ०.३ घर्षणाला पस्तीस बेल्ट लागतात. पस्तीस! तीच पेटी मॅटवर ठेवली तर सात.

पण मॅटचे नियम आहेत. ८ ते १० मिमी जाड. सगळं वजन मॅटवरच यायला हवं. मालाचा एक कोपरा जरी सरळ फळीला टेकला तरी हिशोब बिघडला. खाली धूळ, वाळू, तेल, पाणी नको. झाडूशिवाय मॅट म्हणजे अर्धं काम. टायरच्या जुन्या ट्रेडचे किंवा कन्व्हेअर बेल्टचे तुकडे बरेच जण घालतात. काही नसण्यापेक्षा बरे, पण त्यांना ०.६ धरू नका. कन्व्हेअर बेल्टची गुळगुळीत बाजू तेलकट असेल तर उलट घसरगुंडी होते.

कॉइलला दोन ठिकाणी लागेल : चौकट आणि फळी यांच्यामध्ये, आणि कॉइल आणि ओंडका यांच्यामध्ये. दुसरी जागा सगळे विसरतात. चौकट जागेवर आणि कॉइल तिच्यावरून बाजूला निसटली, तर काय उपयोग?

खोपोली_नाका
अनेक आभार. म्हणजे चौकट गडगडणं थांबवते, रबर घसरणं थांबवतं, उरलेलं चेनवर. बरोबर समजलो ना? मग चेनवर नेमकं किती उरतं?

साखळदंड
बरोबर. पुढच्या दिशेला ०.८ वजा रबराचे ०.६, उरले ०.२. वीस टनाला ४ टन. आता चेन.

ग्रेड ८० ची १० मिमी चेन घ्या. लॅशिंगसाठी (माल बांधण्यासाठी) तिची क्षमता ६.३ टन. ८ मिमीची ४ टन, १३ मिमीची १० टन. ग्रेडचा शिक्का ठरावीक अंतरावर कडीवर असतो. शिक्का नसलेली, किलोवर विकत मिळणारी चेन त्याच जाडीची असली तरी निम्म्यापेक्षाही कमी धरते. दिसायला मात्र दोन्ही सारख्याच.

पण खरी गोम चेनमध्ये नाही, ट्रेलरच्या कडीत आहे. ईएन १२६४० प्रमाणे मोठ्या मालगाडीवरची एक लॅशिंग कडी २ टनाची असते. आपल्या बऱ्याच ट्रेलरवर तर त्याही नसतात. बाजूच्या पट्टीला ताडपत्रीचा दोर बांधायचे वाकवलेल्या सळईचे हुक असतात आणि लोक चेन त्यातच अडकवतात. ते हुक सरळ होतात. ६.३ टनाची चेन आणि २ टनाची कडी, तर हिशोब २ टनाचाच.

म्हणून पुढे जाणं रोखायला दोन चेन. दोन्ही भोकातून घालून प्रत्येकीची टोकं मागच्या बाजूला डाव्या-उजव्या कड्यांना. अशा चार कड्या झाल्या. चेन खाली आणि बाहेर तिरकी जाते, त्यामुळे तिच्या ताणाचा साधारण ०.६ भागच मागे ओढण्याच्या कामी येतो. ४ गुणिले २ गुणिले ०.६ म्हणजे ४.८ टन. हवे होते ४. जमलं. मागे जाणं रोखायला एक चेन पुरते, कारण मागच्या दिशेला ०.५ च लागतात आणि रबर-चौकट ते धरतात. तरी चढावर झटका देऊन गाडी उचलली जाते, म्हणून ही चेन वगळू नका.

कड्या नसतील तर बसवून घ्या. साइड रेलमधून बोल्ट, मागे १० मिमीची प्लेट. चेसिसच्या वरच्या-खालच्या पट्टीवर वेल्डिंग करू देऊ नका, तिथूनच चीर धरते.

डिस्पॅचताई
भोकाच्या कडेला चेन थेट घासू देऊ नका. अर्धा कापलेला पाइप किंवा मडफ्लॅपचा जाड तुकडा मध्ये घाला. दोन कारणं : धारेवर दुमडलेली चेन कमी जोराला तुटते, आणि आतले वेटे दबले की घेणारा माल परत पाठवतो. दुसऱ्या कारणाने का होईना, कोपऱ्याचं संरक्षण घालायला मालक लगेच तयार होतात :)

मोडनिंब
लोड बाइंडर (चेन ताणायचं साधन) कोणता घ्यावा? लिव्हरचा स्वस्त मिळतो.

साखळदंड
रॅचेटचा किंवा टर्नबकलचा. लिव्हरचा बाइंडर सोडताना हँडल उसळतं आणि हनुवटी, दात, मनगट जे समोर येईल त्याला बसतं. त्याला पाइप लावून ताणणं तर सर्रास चालतं, ते अजिबात नको. चेनवरही क्षमतेबाहेर ताण येतो. लिव्हरचाच असेल तर बंद केल्यावर हँडल तारेने चेनला बांधा आणि सोडताना तोंड बाजूला ठेवा.

पाचर
बेल्ट आणि चेन एकाच दिशेला मिसळून लावलेले दिसतात, 'दोन्ही असलेले बरे' म्हणून. बेल्ट ताणला की ७ टक्क्यांपर्यंत लांबतो, चेन जवळपास लांबत नाहीच. त्यामुळे झटका बसला की सगळा भार चेन घेते आणि बेल्टला ताण येईपर्यंत चेन तुटलेली असते. एका दिशेला एकच प्रकार.

ताज्या एचआर कॉइलवर बेल्ट नकोच. पॉलिस्टर १२० अंशांपर्यंतच चालतो, आणि गरम कॉइल बाहेरून निवलेली वाटली तरी आतून धग असते.

जालना_रोड
अवांतर होईल, पण सळ्यांबद्दलही बोला. जालन्याहून सळ्या भरून निघणाऱ्या दहा चाकी गाड्या पाहिल्या की पोटात गोळा येतो. १२ मीटरची सळई आणि हौदा त्याच्या जेमतेम निम्म्या लांबीचा.

वडखळ
बाहेर लोंबणाऱ्या सळ्यांना २०१४ पासून बंदी आहे. आधी मागे एक मीटरपर्यंत चालायचं, ती सूट त्या वर्षी काढली. आता मोटार वाहन कायद्याच्या कलम १९४ च्या पोटकलमात माल पुढे, मागे, बाजूला किंवा उंचीला बाहेर आला तर २०,००० रुपये दंड आणि माल उतरवण्याचा खर्च वेगळा. जास्त वजनाला २०,००० अधिक प्रत्येक जादा टनाला २,०००.

घर्षणांक
सळ्यांचा मोठा धोका मागे नाही, पुढे आहे. बंडलाच्या आतल्या सळ्या लोखंडावर लोखंड. बाहेरून कितीही आवळा, मधल्या सळ्यांना कोणीच धरलेलं नसतं. ब्रेक लागला की त्या बंडलातून बाणासारख्या निघतात. म्हणून पुढची टोकं एका रेषेत आणून हेडबोर्डला (केबिनमागच्या उभ्या भिंतीला) भिडवायची. फट ठेवली तर धावायला जागा मिळते आणि जोर कैक पटीने वाढतो.

हेडबोर्डवरही आंधळा भरवसा नको. ईएन १२६४२ च्या साध्या वर्गात समोरची भिंत मालाच्या ४० टक्के, पण जास्तीत जास्त ५ टन एवढाच जोर घेईल अशी असते. २० टन सळ्यांना १६ हवेत. प्रत्येक बंडलाला बेल्ट किंवा चेनचा पूर्ण वेढा देऊन आवळायचं, नुसतं वरून नाही. थरांमध्ये लाकडी पट्ट्या, एका खाली एक, ओळंब्यात. लांब सळई असेल तर लांब ट्रेलर हाच उपाय आहे. इंग्रजी यू सारखी वाकवून हौद्यात बसवलेली बंडलं सोडताना उसळतात, तिथे हमालांच्या जिवाशी खेळ आहे.

हायड्रा_१४
आमच्या बाजूचं थोडं. लो-बेडवर (बुटक्या तळाच्या ट्रेलरवर) पोकलेन नेताना बूम खाली, बकेट पाट्याला टेकलेली, ट्रॅक साफ. चिखल राहिला की घर्षण गेलं. चार कोपऱ्यांना चार चेन, बूम-बकेटला पाचवी. चेन मशीनच्या नेमून दिलेल्या कडीला, ट्रॅकच्या शूजला नाही. पाट्यापासून चेनचा कोन २० ते ६५ अंशांत ठेवा. फार उभी असेल तर दाबते पण ओढत नाही.

पॉवर प्रेससारखं उंच मशीन असेल तर आधी वजनाचा मध्य कुठे आहे ते निर्मात्याच्या ड्रॉइंगवर बघा. तळ अरुंद आणि मध्य वर असला की ते घसरायच्या आधी उलटतं, आणि तिथे रबर काही करू शकत नाही. वरच्या भागातून तिरक्या चेन लागतात.

रबरपट्टी
वळणांचंही हिशोबात घ्या मंडळी. ३० मीटर त्रिज्येच्या वळणावर ३० किमी वेगाला बाजूचा जोर ०.२४ पट. ४० ला ०.४२. ५० ला ०.६५. वेग तिसाचा चाळीस झाला आणि जोर पावणेदोन पट झाला. उंच भरलेला ट्रेलर ०.४ च्या आसपास स्वतःच आडवा होतो. तेव्हा माल कितीही पक्का असला तरी बोर घाटाच्या जुन्या रस्त्यावरच्या तीव्र वळणांवर चाळीसने जायचं नसतं.

वडखळ
आकडे पटले, मान्य. पण ज्यांच्या हातात हे सगळं आहे त्या ड्रायव्हरची अडचण कुणी लिहिली नाही. क्रेनखाली कॉइल ठेवली की मागून ओरडा सुरू होतो, गाडी पुढे घे, रांग लागली आहे. चौकट कधी लावायची, मॅट कधी झाडायची? बाहेर येऊन रस्त्याकडेला बांधतात, तोवर कॉइल दोन सुट्या गुटक्यांवर गेटमधून वळून आलेली असते. भाडं टनावर मिळतं, बांधणीच्या वेळाचं नाही.

डिस्पॅचताई
@वडखळ, तुमचं हे म्हणणं सगळ्यात महत्त्वाचं आहे. उपाय कारखान्याच्या आत आहे. चौकट आणि मॅट गाडी क्रेनखाली जाण्याआधी, पार्किंगमध्येच मांडून ठेवायची. जागा आधी मोजून खडूची खूण करायची. मग क्रेनखाली फक्त कॉइल टेकवणं आणि फट पाहणं उरतं. भोकातल्या पहिल्या दोन चेन लागल्याशिवाय गाडी हलवायची नाही, आणि बाकीची बांधणी गेटच्या आत ठरवलेल्या जागेत, वजनकाट्याच्या आधी. बांधलेल्या मालाचे चार बाजूंनी फोटो बिल्टीसोबत जोडले तर पुढे वादही मिटतात.

आणि भरणाऱ्याने म्हणायचं बांधणी गाडीवाल्याची, गाडीवाल्याने म्हणायचं माल ठेवला त्यांनी, हे थांबायला हवं. ऑर्डरमध्येच चेन किती, मॅट किती, वेळ किती हे लिहून त्याचे पैसे वेगळे लावा. वेळ लिहिलेला असला तर ओरडणाऱ्याला कागद दाखवता येतो.

मोडनिंब
कॉइल ट्रेलरवर नक्की कुठे ठेवायची? काही जण हेडबोर्डला चिकटवून ठेवतात, धावायला जागा नको म्हणून.

पाचर
एकटी वीस टनी कॉइल हेडबोर्डला चिकटवली तर किंगपिनवर (ट्रेलर घोड्याला जोडणाऱ्या खुंटीवर) आणि घोड्याच्या, म्हणजे ओढणाऱ्या गाडीच्या, मागच्या अ‍ॅक्सलवर नको इतकं वजन जातं. फार मागे ठेवली तर घोड्याची पकड कमी होते आणि ओल्या चढावर चाकं फिरतात. समजा किंगपिनपासून ट्रेलरच्या अ‍ॅक्सलच्या मध्यापर्यंत ७.५ मीटर आहेत. कॉइल अ‍ॅक्सलच्या मध्यापासून ३.५ मीटर पुढे ठेवली तर किंगपिनवर ९.३ टन, अ‍ॅक्सलवर १०.७. अशी वाटणी बरी. बाजूच्या मापाने अगदी मध्यावर. चार बोटं इकडे-तिकडे झाली तरी एका बाजूचे स्प्रिंगचे पाटे दबलेले दिसतात.

अडथळा हवाच असेल तर चौकटीपासून हेडबोर्डपर्यंत लांबीचे दोन ओंडके टाका. कॉइल जागेवर, जोर पुढे पोचतो.

खोपोली_नाका
सगळ्यांचे आभार. या धाग्यावरून एका ट्रेलरच्या सामानाची यादी केली आहे, चूक असेल तर सांगा : २२० मिमीच्या ओंडक्यांची बोल्ट केलेली चौकट १. रबर मॅट, चौकटीखाली आणि ओंडक्यांवर. ग्रेड ८० ची १० मिमी चेन ३, प्रत्येकी ८ मीटर. रॅचेट बाइंडर ३. कोपऱ्यांचे तुकडे ६. बोल्ट केलेल्या कड्या ६.

साखळदंड
दोन दुरुस्त्या. बाइंडर ६ घ्या. एका चेनची दोन टोकं दोन बाजूंना जातात आणि एकच बाइंडर लावला तर भोकाच्या कडेवरच्या घर्षणामुळे दुसऱ्या बाजूला ताण पोचत नाही. आणि चेन एक जादा ठेवा, कारण बाद करायचे नियम कडक आहेत : कडी १० टक्के झिजली, चेन ३ टक्के लांबली, कडी वाकली किंवा पिळली, की ती चेन परत वापरायची नाही. गाठ मारून किंवा बोल्ट घालून जोडलेली चेनही नाही.

पुन्हा ताण कधी तपासायचा ते राहिलं. लाकूड आणि रबर पहिल्या काही किलोमीटरमध्ये बसतं, चेन ढिली पडते. अमेरिकेत पहिल्या ८० किलोमीटरच्या आत तपासायचा नियम आहे, तुमच्या मार्गावर तेवढी वाट पाहू नका. पेण सोडल्यावर एकदा आणि खोपोलीला घाट चढायच्या आधी एकदा. चेनवर पाना आपटून बघा, ताणलेली खणकन वाजते, ढिली बद्द. खालची २० मिमीची फटही तेव्हाच बघा. ती बुजलेली असेल तर ओंडका चेपला आहे किंवा चौकट फाकली आहे, आणि अशी गाडी घाटात घालायची नाही.

खोपोली_नाका
बाइंडर ६, चेन ४ केल्या. पत्र्याच्या तळाच्या ट्रेलरवर चौकटीखाली मॅट अखंड हवी की तुकडे चालतील?

रबरपट्टी
तुकडे चालतील, पण लांबीच्या दोन्ही ओंडक्यांखाली सारख्या जाडीचे आणि टोकापर्यंत. मध्ये एक तुकडा कमी पडला तर तिथे ओंडका वाकून पत्र्याला टेकतो. मांडण्याआधी पत्रा फडक्याने कोरडा करून घ्या. पावसाळ्यात हे रोज करावं लागेल.